सोलापुरात सायबर सुरक्षेला गिऱ्हाईक आहे का?

धागाकर्ता (संगणक सेवा व्यवसाय, होटगी रोड)

व्यवसाय संस्थांचा माहिती सुरक्षेवरील खर्च जगभर वाढतो आहे, याबद्दल वाद नाही. गार्टनर या बाजार-संशोधन कंपनीच्या जुलै २०२५ मधील अंदाजानुसार हा खर्च २०२४ मध्ये १९३ अब्ज डॉलर होता, २०२५ मध्ये तो २१३ अब्ज आणि २०२६ मध्ये २४० अब्ज डॉलरपर्यंत जाणार होता. भारताचा वाटा त्या मानाने लहान असला तरी २०२५ साठी तो तीन अब्ज डॉलरच्या पुढे धरला गेला होता. मला विचारायचे आहे ते या पैशाच्या शेवटच्या टोकाविषयी. त्यातील काही भाग सोलापूर जिल्ह्यात खर्च होतो का, होत असल्यास कशावर होतो, आणि वालचंद किंवा ऑर्किड या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांना पुण्याची गाडी न पकडता त्या खर्चावर येथेच व्यवसाय उभा करता येईल का?

येईल, असे माझे मत आहे. जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. टॉवेल, चादर आणि गणवेशाचे शेकडो उत्पादक आहेत. नागरी बँका आणि पतसंस्था आहेत. विजयपूर, कलबुर्गी, धाराशिवपासून रुग्ण येतात अशी रुग्णालये आहेत. या सगळ्यांचे हिशेब, पगार, ई-इनव्हॉइस, रुग्णांची माहिती संगणकावर आहे. मात्र त्यांचा सुरक्षेवरील खर्च तीनच गोष्टींत संपतो: अँटिव्हायरसचे वार्षिक रिन्युअल, लेखापरीक्षकाने आग्रह धरला म्हणून एकदा घेतलेला फायरवॉल (इंटरनेटवरून होणारी ये-जा गाळणारे यंत्र) आणि सीसीटीव्ही. फायरवॉल बसवून गेलेला माणूस पुन्हा कधी त्याचे लॉग, म्हणजे ये-जाच्या नोंदी, उघडत नाही. बॅकअपची डिस्क चोवीस तास त्याच सर्व्हरला जोडलेली असते, म्हणजे रॅन्समवेअर (माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर) आले तर मूळ माहितीबरोबर तीही कुलूपबंद होणार. बाहेरगावच्या अकाउंटंटला टॅलीवर काम करता यावे म्हणून रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दूरवरून संगणक चालवण्याचा, दरवाजा थेट इंटरनेटवर उघडा ठेवलेला असतो आणि पासवर्ड फर्मच्या नावापुढे १२३ असा असतो.

यातील बहुतेक दुरुस्त्यांना नवे यंत्र लागत नाही, नियमित लक्ष देणारा माणूस लागतो. एका फर्मला तो पूर्णवेळ परवडत नाही. चाळीस फर्म मिळून पाच जणांची तुकडी सहज पोसतील. समजा, प्रत्येक फर्मने महिन्याला ८,००० रुपये दिले, तर ३,२०,००० रुपये जमा होतात. पाच जणांना सरासरी ३०,००० रुपये पगार धरला, तरी सॉफ्टवेअर परवाने, भाडे आणि प्रवासासाठी १,७०,००० रुपये उरतात. जगातील खर्चाचा कलही वस्तूंकडून अशा सेवांकडे सरकतो आहे. आयटी पार्कच्या घोषणांची वाट न पाहता हे आजच सुरू करता येईल. ज्यांना हे गणित चुकीचे वाटते त्यांनी कारणांसह लिहावे, अशी विनंती आहे.

टॉवेल निर्यातदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी

गणितातील बेरीज बरोबर आहे. चाळीस फर्म कोठून आणणार, हे त्यात लिहिलेले नाही.

प्रथम आमच्या धंद्याची अवस्था ध्यानात घ्यावी. सुताचे भाव, वीज आणि मजुरी भागवून टेरी टॉवेलमध्ये हाती उरणारा नफा फार पातळ असतो. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा ऑर्डरी थांबलेल्या कारखानदाराला ‘महिन्याला आठ हजार द्या, तुमचे लॉग वाचतो’ असे सांगायला कोण जाणार होते? वर्षाला ते ९६,००० रुपये होतात. तेवढ्यात एका मागाची मोठी दुरुस्ती निघते आणि त्या मागातून टॉवेल बाहेर पडतो.

दुसरे असे की, आमच्यासारख्यांचे पैसे जातात ते वेगळ्याच वाटेने. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत २०२३ मध्ये ७,४६५ कोटी आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी रुपये गेले. यातील फार मोठा भाग माणसाला फसवून त्याच्याच हाताने पाठवून घेतलेला आहे. निर्यातीच्या धंद्यात हाच प्रकार मेलमधून होतो. परदेशी खरेदीदाराला आमच्या नावाने मेल जातो की आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढील रक्कम या नव्या खात्यात पाठवा. तो पाठवतो, आणि दोन महिन्यांनी आम्ही थकबाकी मागितली की सगळा प्रकार उघड होतो. अक्कलकोट रोडवर ही कथा अनेकांना ठाऊक आहे. तुमची तुकडी आमच्या फायरवॉलपाशी पहारा देत असताना हा मेल आमच्या इमारतीत येतही नाही. तो चोराकडून थेट खरेदीदाराकडे जातो. यावर आम्ही केलेला उपाय फुकटचा आहे: खाते बदलल्याचे कोणतेही पत्र आमच्या जुन्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय मानू नये, असे प्रत्येक खरेदीदाराशी लेखी ठरवले आहे.

तिसरे, आपल्या हाताबाहेरचे नुकसान. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरचा हल्ला झाला तेव्हा न्हावा शेवा बंदरातील मर्स्क या जहाज वाहतूक समूहाच्या टर्मिनलचे कामकाज कोलमडले आणि मर्स्कने स्वतःचे नुकसान २० ते ३० कोटी डॉलर असल्याचे सांगितले. सोलापुरातील निर्यातदाराने सुरक्षेवर कितीही खर्च केला असता, तरी त्या टर्मिनलवरचा कंटेनर हलला नसता. तेव्हा खर्च वाढतो आहे हे खरे असले तरी तो कोणाचा वाढतो आहे ते पाहावे. गार्टनरचे आकडे पुढे करणारा बहुतेक वेळा काहीतरी विकायला आलेला असतो, हा माझा अनुभव आहे. धागाकर्त्यांनी राग मानू नये.

नागरी बँकेतील निवृत्त आयटी अधिकारी

मालकांचा मुद्दा टॉवेलपुरता मान्य केला, तरी बँकांचे चित्र निराळे आहे, कारण तेथे खर्च करायचा की नाही हे मालकाच्या मर्जीवर नसते.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी खोटी यंत्रणा उभी केली होती, त्यामुळे २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी मागितलेली रक्कम बिनबोभाट मिळत गेली. शिवाय स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक व्यवहारांच्या यंत्रणेमार्गे १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगला वळवले गेले. त्यानंतर दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षा चौकट काढली. ती त्या घटनेमुळेच आली असे मी म्हणत नाही. परंतु संचालक मंडळांनी ती लक्ष देऊन वाचली, याचे श्रेय मात्र त्या घटनेला द्यावे लागेल. ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने बँकांचे चार स्तर पाडले. बँक किती डिजिटल सेवा देते आणि देयक यंत्रणेशी किती थेट जोडलेली आहे, त्यानुसार जबाबदारी वाढत जाते आणि चौथ्या स्तरावरील बँकेला सतत देखरेखीचे सुरक्षा केंद्रही ठेवावे लागते. म्हणजे मागणी कायद्याने निर्माण केली.

पण या मागणीतला पैसा सोलापुरात राहत नाही, ही खरी अडचण आहे. कोअर बँकिंग पुरवणारी कंपनी बाहेरची, डेटा सेंटर बाहेरचे, सुरक्षेचे लेखापरीक्षण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या यादीतील संस्थेकडून करून घ्यायचे आणि त्या संस्थाही पुण्या-मुंबईच्या. स्थानिक माणसाच्या वाट्याला केबल ओढणे आणि प्रिंटर दुरुस्त करणे येते. शिवाय सगळे एका पुरवठादाराकडे सोपवले की काय होते, तेही आपण पाहिले आहे. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्यामुळे राष्ट्रीय देयक महामंडळाने (एनपीसीआय) तिला आपल्या जाळ्यापासून तोडले आणि देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व एटीएम व्यवहार अडकले. त्या बँकांनी स्वतः काही केलेले नव्हते. नियम पाळल्याचे कागद फायलीत होते आणि व्यवहार बंद होते.

मला संधी दिसते ती पतसंस्थांमध्ये. त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, रिझर्व्ह बँकेची ही चौकट त्यांना लागू नाही, ठेवी मात्र कोट्यवधींच्या आहेत आणि आता मोबाइल ॲपही देऊ लागल्या आहेत.

हार्डवेअर व सीसीटीव्ही विक्रेता, नवी पेठ

साहेब, पतसंस्थेला संधी म्हणता, पण ती संस्था अँटिव्हायरसच्या रिन्युअलचे पैसे सहा महिन्यांनी देते. ज्या गोष्टीची सक्ती नाही ती गोष्ट तेथील वार्षिक सभेत मंजूर होत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

आपल्याकडचा ग्राहक वस्तूला पैसे देतो. खोका दिसला पाहिजे, त्यावरचा दिवा लुकलुकला पाहिजे, बिलात जीएसटीचा परतावा दिसला पाहिजे. सेवेचे बिल पाठवले की ‘या महिन्यात तर काहीच बिघडले नाही, मग पैसे कशाचे?’ असा फोन येतो. संगणकाच्या एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) दर गेली कित्येक वर्षे वाढलेले नाहीत. कोणीतरी नवा मुलगा येतो आणि आणखी शंभर रुपये कमी करून देतो. धागाकर्त्यांच्या आठ हजारांचे दुसऱ्या वर्षी पाच हजार होतील आणि तिसऱ्या वर्षी तीन.

खरा खर्च कोठे होतो आहे ते सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. जुन्या यंत्रांतील बरीचशी विंडोज ११ ला पात्रच नाहीत, त्यामुळे ती बदलावी लागत आहेत. कॅमेऱ्यांच्या बाबतीत ९ एप्रिल २०२५ पासून सरकारने सुरक्षा चाचणी सक्तीची केली आणि काही स्वस्त मॉडेल दुकानातून गेली. ही दोन्ही सुरक्षेवरचीच खरेदी आहे, फक्त तिला तसे कोणी म्हणत नाही. धंदा करायचा असेल तर तो येथे आहे.

सुरक्षा विश्लेषक, मूळचा सोलापूरचा, सध्या पुणे

विक्रेत्यांनी जी खरेदी सांगितली ती एकदाच होते. २०२६ मध्ये नवे यंत्र घेणारा ग्राहक पुढील पाच वर्षे दुकानात येणार नाही. तिला कल म्हणता येणार नाही. पण मला मुख्यतः धागाकर्त्यांच्या पाच जणांबद्दल लिहायचे आहे.

आठवड्याचे तास १६८ असतात. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो असे धरले, तर देखरेखीची एक खुर्ची सतत भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात, आणि रजा, आजारपण, नोकरी सोडून जाणे हे धरून पाच. म्हणजे तुमची संपूर्ण तुकडी केवळ एक खुर्ची भरण्यात संपली. ग्राहकाकडे जाणारा, बॅकअप तपासणारा, बिल वसूल करणारा कोणी उरला नाही. रॅन्समवेअर चालवणारे रात्री आणि सुट्टीच्या दिवशी काम करणे पसंत करतात, त्यामुळे दिवसापुरती देखरेख ठेवून ‘आम्ही लक्ष ठेवतो’ असे लिहून देणे ही ग्राहकाची फसवणूक ठरेल. त्यातच तुम्ही ३०,००० रुपयांवर शिकवून तयार केलेल्या मुलाला दीड वर्षात हिंजवडीची कंपनी दुप्पट पगार देऊन नेईल. आयएससी-टू या व्यावसायिक संघटनेने २०२४ मध्ये जगभरात सुरक्षा क्षेत्रातील मनुष्यबळाची तूट सुमारे ४८ लाख सांगितली होती. त्या तुटीची झळ सोलापूरसारख्या शहराला सर्वांत आधी बसते.

माझ्या मते रात्रीची देखरेख मोठ्या केंद्राकडून प्रति यंत्र दराने घाऊक विकत घ्यावी आणि सोलापूरच्या तुकडीने जागेवर जाऊन करायचे काम स्वतःकडे ठेवावे. पुण्याहून माणूस निघाला तर अडीचशे किलोमीटर अंतर कापून तो पोहोचेपर्यंत अर्धा दिवस जातो. चिंचोळी एमआयडीसीतील कारखान्याचा सर्व्हर बंद पडला असताना तासाभरात येऊन संसर्ग झालेले यंत्र जाळ्यातून तोडणारा, कोणते बॅकअप शाबूत आहे ते सांगणारा माणूस ही वस्तू पुण्याची कंपनी विकू शकत नाही.

निर्यातदारांनी लिहिलेला फोनचा नियम उत्तम आहे आणि तो सर्वांनी घ्यावा. त्यात एक भर घालतो. असा मेल तीन प्रकारे जातो. आपल्याच डोमेनचे (मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारे) नाव खोटेपणाने लावलेले असते; किंवा एखादे अक्षर बदलून घेतलेल्या सारख्या दिसणाऱ्या डोमेनवरून तो येतो; किंवा आपल्या खऱ्या मेलबॉक्समध्येच चोर शिरून बसलेला असतो आणि जुना पत्रव्यवहार वाचून नेमक्या बिलाच्या वेळी लिहितो. पहिल्या प्रकाराला डीमार्क ही डोमेनला जोडायची, खोटे मेल ओळखू देणारी नोंद आळा घालते, तिला परवाना शुल्क नाही, पण दुसऱ्या प्रकारापुढे ती निरुपयोगी आहे. तिसऱ्यासाठी मेलला पासवर्डबरोबर ओटीपीसारखी दुसरी खूण लावणे आणि मेल आपोआप बाहेर पाठवणारे लपवलेले नियम कोणी लावून ठेवले आहेत का ते अधूनमधून पाहणे, एवढेच करावे लागते. मेल तुमच्या इमारतीत येत नाही हे पहिल्या दोन प्रकारांबाबत खरे आहे. तिसऱ्यात चोराचा मुक्काम तुमच्याच मेलबॉक्समध्ये असतो, आणि बिलाची अचूक रक्कम ज्यात लिहिलेली असते असे मेल बहुधा याच वाटेने गेलेले असतात.

धागाकर्ता

रात्रीच्या पाळीचा मुद्दा मान्य आहे. घाऊक देखरेख विकत घेतली तर प्रत्येक यंत्रामागे काही रक्कम बाहेर जाईल आणि आठ हजारांचा दर फक्त वीस-पंचवीस यंत्रांपर्यंतच पुरेल. मोठ्या ग्राहकाला अधिक द्यावे लागतील.

विक्रेते म्हणतात की ग्राहक दिसणाऱ्या वस्तूलाच पैसे देतो. हा स्वभाव कायमचा आहे असे मला वाटत नाही. जीएसटीच्या ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइस प्रणालीत पासवर्डबरोबर ओटीपीची सक्ती आधी मोठ्या उलाढालीच्या करदात्यांना होती, २०२५ च्या जानेवारीपासून ती टप्प्याटप्प्याने लहानांकडे आली आणि १ एप्रिल २०२५ पासून सर्वांना लागू झाली. आरंभी आपल्या बाजारपेठेत त्रागा झाला, ओटीपी मालकाच्या मोबाइलवर जाणार आणि मालक लग्नाला गेलेले, असे सगळे झाले. मग प्रत्येक कारकुनासाठी वेगळे खाते उघडले गेले आणि सवय लागली. कारकून सोडून गेल्यावर त्याचे खाते बंद करायचे असते, हेही कित्येक फर्मना त्यामुळे प्रथमच ठाऊक झाले.

सनदी लेखापाल, सोलापूर

धागाकर्त्यांच्या व्यवसायाला माझा विरोध नाही, तो ज्या भीतीवर विकला जातो तिला आहे. आयबीएमच्या २०२५ च्या अहवालातील ‘भारतात एका माहिती-गळतीचा सरासरी खर्च २२ कोटी रुपये’ हा आकडा दाखवून एका विक्री प्रतिनिधीने आमच्या एका अशिलाला महागडे पॅकेज घ्यायला लावले. त्या अशिलाची वर्षाची उलाढाल त्या आकड्याहून कमी आहे! मोठ्या संस्थांच्या अनुभवातून आलेली सरासरी लहान फर्मच्या तोंडावर फेकणे हे अप्रामाणिकपणाचे आहे. लहान फर्मने हिशेब असा करावा: टॅलीचा डेटा गेला तर तो पुन्हा उभा करायला किती दिवस लागतील, त्या दिवसांत कोणती विवरणपत्रे चुकतील, किती येणे बुडेल. हा आकडा काढायला कोणताही अहवाल लागत नाही, आणि तो निघाला की खर्चाची मर्यादाही ठरते.

दुसरी भीती नव्या कायद्याची. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत दिली गेली. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे वाक्य आता प्रत्येक माहितीपत्रकावर छापले जाते. ‘पर्यंत’ हा शब्द मात्र लहान टाइपात असतो. दंड ठरवताना उल्लंघनाचे गांभीर्य, कालावधी, नुकसान कमी करण्यासाठी केलेले प्रयत्न हे सगळे पाहावे लागते. टॉवेलच्या फर्मकडे वैयक्तिक माहिती म्हणजे मुख्यतः कामगारांची. तिने या कायद्याच्या धाकाने फार मोठा खर्च करण्याचे कारण नाही. रुग्णालयांचे तसे नाही. रुग्णाचे निदान, अहवाल, ओळखपत्र, विम्याची कागदपत्रे हे सगळे स्वागतकक्षातील एका सामाईक पासवर्डमागे असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने बंद पडले तेव्हा तेथील कामकाज अनेक दिवस हाताने करावे लागले. माहिती गळाली तर या कायद्याखालील माहिती संरक्षण मंडळाला आणि प्रत्येक बाधित व्यक्तीला कळवण्याची जबाबदारी नव्या नियमांनी घातली आहे. त्यासाठी कोणाची माहिती गेली हे सांगता आले पाहिजे, आणि लॉग नसतील तर ते सांगता येणार नाही. आपल्या शहरात या कायद्याने खरी मागणी कोठे निर्माण होईल असे विचाराल, तर मी रुग्णालये आणि निदान केंद्रे हेच उत्तर देईन.

विम्याबद्दलही एक सावधगिरी सांगावीशी वाटते. सायबर विम्याच्या प्रस्तावात मेलला दुसरी खूण लावली आहे का, बॅकअप वेगळे ठेवता का, असे प्रश्न असतात आणि एजंट सगळीकडे ‘होय’ लिहून टाकतो. अमेरिकेत २०२२ मध्ये ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीने नेमक्या अशाच चुकीच्या उत्तरावरून पॉलिसी रद्द करण्यासाठी आपल्या ग्राहकावर दावा लावला होता. ती पॉलिसी रद्दच झाली.

साखर कारखाना, ईडीपी (संगणक) विभाग

आमचा विषय अजून आलेला नाही म्हणून लिहितो. कारखान्यात दोन जाळी असतात. एक कार्यालयाचे, ज्यावर शेतकी विभागाच्या ऊस नोंदी, वजनकाट्याच्या पावत्या आणि सभासदांची बिले चालतात. दुसरे यंत्रांचे, ज्यावर बॉयलर, गाळप आणि सहवीजनिर्मिती चालते. पूर्वी ही दोन्ही वेगळी होती. आता अध्यक्षांना मोबाइलवर गाळपाचे आकडे पाहायचे असतात आणि यंत्र पुरवणाऱ्या कंपनीला दूरवरून दुरुस्ती करायची असते, त्यामुळे मध्ये पूल टाकले गेले आहेत, आणि ते कोणी टाकले याची नोंद बहुधा नसते.

हंगामात काटा काही तास बंद पडला तरी गेटबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, तोडलेला ऊस वाळत जातो आणि उताऱ्यात घट येते. काट्याच्या नोंदीत बाहेरून फेरफार होऊ शकतो अशी शंकाही आली, तर शेतकरी संघटना दुसऱ्या दिवशी दारात असतात. म्हणून आम्हाला महिन्याची समान वर्गणी नको आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, बॉयलर पेटण्याच्या आधी, दोन्ही जाळी तपासून द्यावीत आणि गाळप सुरू असताना हाकेला यावे. उन्हाळ्यात आम्ही पैसे देऊ शकणार नाही. असा करार देणारा अजून कोणी भेटलेला नाही. जे येतात ते कार्यालयाच्या संगणकांची संख्या विचारतात, परवान्यांचा भाव सांगतात आणि बॉयलरच्या बाजूला फिरकतही नाहीत.

हार्डवेअर व सीसीटीव्ही विक्रेता, नवी पेठ

कारखान्याचे काम घेणाऱ्याने बिल निघायला किती हंगाम लागतात तेही विचारून ठेवावे.

नागरी बँकेतील निवृत्त आयटी अधिकारी

उधारीचा टोमणा सोडला, तर ईडीपी विभागाचे म्हणणे या धाग्यातील सर्वांत उपयोगी आहे, कारण त्यात ग्राहकाने स्वतः सांगितले आहे की त्याला काय विकत हवे आहे. हंगामी करार हा प्रकार पुण्या-मुंबईच्या कंपन्यांच्या दरपत्रकात नसतो. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्यांचेही असेच आहे. जर्मन वाहन कंपन्यांना माल द्यायचा तर टिसॅक्स नावाची माहिती सुरक्षेची तपासणी मागितली जाते आणि तेथे खर्चाला नकार देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ऑर्डरच जाते. माझा आग्रह असा की, धागाकर्त्यांनी चाळीस सारख्या फर्म शोधू नयेत. पाच-सहा प्रकारचे ग्राहक, प्रत्येकाचा खर्च करण्याचा वेगळा हेतू, असे पाहावे.

सुरक्षा विश्लेषक, मूळचा सोलापूरचा, सध्या पुणे

ग्राहक कोणतेही असोत, त्या सर्वांच्या यंत्रांची किल्ली एकाच तुकडीकडे येणार आहे, हा धोका अजून कोणी मोजलेला नाही. जुलै २०२१ मध्ये कसेया या कंपनीच्या, दूरवरून ग्राहकांचे संगणक सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरमधील दोषाचा वापर करून हल्लेखोरांनी साठहून कमी सेवा पुरवठादार गाठले आणि त्यांच्यामार्फत सुमारे १,५०० लहान व्यवसायांची यंत्रे रॅन्समवेअरने बंद केली. ते व्यवसाय धागाकर्ते सुचवतात तशीच सामाईक सेवा घेणारे होते. सोलापुरातील चाळीस फर्म आज निष्काळजी असतील, पण त्या चाळीस वेगवेगळ्या ठिकाणी निष्काळजी आहेत. तुम्ही त्यांना एका दोरीत ओवणार आहात.

धागाकर्ता

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. त्यावर माझी मांडणी अशी: बॅकअपची प्रत ग्राहकाच्या स्वतःच्या खात्यात राहील आणि ती ठरावीक दिवस आम्हालाही पुसता येणार नाही, अशी व्यवस्था असेल, प्रत्येक ग्राहकासाठी आमची खाती वेगळी असतील, दुसऱ्या खुणेशिवाय ती उघडणार नाहीत, आणि दूरवरून प्रवेश ग्राहकाने त्या वेळी परवानगी दिल्यावरच मिळेल. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांत कळवाव्या लागतात आणि १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात. ते काम आमच्याकडे राहील. धोका शून्यावर येणार नाही. मात्र आज १२३ असा पासवर्ड असलेला रिमोट डेस्कटॉप उघडा ठेवण्यात जो धोका आहे, त्यापेक्षा तो कमी राहील, असे मी कोणत्याही कारखानदारासमोर बसून दाखवू शकतो.

टॉवेल निर्यातदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी

बसून दाखवायला या. पण वार्षिक करार आणि आगाऊ धनादेश यांविषयी तेव्हा बोलू नये. आमच्याकडे वीस यंत्रे आणि एक टॅली सर्व्हर आहे. कोणत्याही एका शनिवारी, मला आधी न कळवता, गेल्या आठवड्याचे बॅकअप दुसऱ्या कोऱ्या यंत्रावर चढवून त्यातून ताळेबंद छापून दाखवावा. तो जुळला तर तीन महिन्यांचे पैसे देईन, आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी हीच परीक्षा राहील. करारात एक कलम माझ्याकडून असेल: तुमच्या खात्यातून कोणी आत शिरल्याचे सिद्ध झाले, तर आमचे काम जितके दिवस बंद राहील तितक्या दिवसांची भरपाई तुम्ही द्यावी. त्या कलमावर सही करणारा पुरवठादार मला आजवर भेटलेला नाही, आणि तुम्हीही करणार नसाल तर ते येथेच लिहून टाकावे, म्हणजे दोघांचाही शनिवार वाचेल.

धागाकर्ता

भरपाईला वरची मर्यादा घालून सही करीन. बारा महिन्यांच्या वर्गणीइतकी रक्कम मला देता येईल, त्याहून अधिक नाही. शनिवार तुम्ही सांगू नका. मी न कळवताच येतो.